सहज सुचण्याजोगे

इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू
दि. ९ ऑगस्ट २०२४

आदरणीय विमलाअक्का यांस,
महानंदाचा नमस्कार.

आपली गुडघेदुखी आता कमी असेल, अशी आशा करते. मी खुशाल आहे. नव्या कंपनीत अजूनही एकटीच जेवते, हे वाचून आपण रागवाल. जयनगरला आपल्या घरी बरेच दिवस आले नाही. फोनवर कामाचे कारण सांगितले होते; ते पूर्ण खरे नव्हते.

आपल्या पेटंटला विरोध करणारी केबल कंपनी म्हणजे मी काम करते तीच. त्यांचे म्हणणे असे, की मातीच्या भुकटीवर लेप चढवणे जुने, ती केबलच्या रबरी आवरणात घालणेही जुने. आपली कृती कोणाही जाणकाराला सहज सुचली असती. हे मान्य झाले, तर पेटंट रद्द होईल आणि त्याच्या आधारावर आपण उभा केलेला छोटा कारखानाही टिकणार नाही. तसे प्रतिज्ञापत्र माझ्या नावाने तयार आहे. मी आपल्याच प्रयोगशाळेत शिकले, म्हणून माझ्या सहीला वजन आहे.

हे खरोखर सहज सुचले असते का, असे मी कंपनीतले माझे वरिष्ठ श्रीकांत सर यांना विचारले.

"आता वाचल्यावर सुचतंय ना तुला? मग तेच लिही," ते म्हणाले.

अक्का, भुकटी आधी पाण्यात कालवून मग लेप चढवू, असे आपण म्हणालात, तेव्हा कधी कोणाशी न भांडणारी मी आपल्याशी वाद घातला होता. पाण्यात लेपाचे द्रव्य वाया जाते, सगळ्या पुस्तकांत तसेच आहे, असे मी ठासून सांगितले. आपण हातमोजे चढवत म्हणालात, "तुझं पुस्तक सरी, बरोबर गं. पण या मातीनं ते वाचलंय काय?"

पुढे ती भुकटी घालून केलेले, गरम पाण्यात बुडवून ठेवलेले रबराचे तुकडे बाहेर काढले. ओल आत शिरली नव्हती. तरीही मापनयंत्रच बिघडले असेल म्हणून मी शेजारच्या विभागातून दुसरे मागून आणले. विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीला जे सुचले नाही आणि डोळ्यांनी पाहूनही पटले नाही, त्याला सहज कसे म्हणू?

मी सही केलेली नाही. काल सरांना कारणासह तसे सांगितले. जाताना दार लावून घे, एवढेच म्हणाले. नोकरी राहील असे वाटत नाही. घरी अजून कळवलेले नाही.

आपल्या वकिलांना माझे नाव द्यावे. चारचौघांत उभे राहून बोलायचे, या कल्पनेने आत्ताच अक्षर बिघडते आहे. तरी मी येईन आणि आपली कृती जमणार नाही अशी तेव्हा माझीच खात्री होती, हे सांगेन.

आपल्याशी वाद घालून हरलेली,
महानंदा