एका बोटानं वर जाणारी खिडकी

सोमवार, ४ ऑक्टोबर १९५४

पोचलो एकदाचा! लीड्सच्या धुरातून सुटून थेट रिचमंड, खिडक्यांच्या दुरुस्तीला. फ्रेंचगेट रस्त्याच्या चढावर हत्यारांची पेटी ओढताना जीभ बाहेर आली, पण घर पाहिलं आणि शीण कुठल्या कुठे गेला. जुनं दगडी घर, आणि खिडक्या अशा की सुतारानं बघत राहावं. सगळ्या वरखाली सरकणाऱ्या. प्रत्येकीला दोन तावदानं, बाजूच्या पोकळ चौकटीत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं. वजन बरोबर असलं की तावदान जिथे सोडाल तिथे थांबतं. लाकूड अजून टणक आहे. वाट लावलीय ती रंगाऱ्यांनी, थरावर थर चोपडून.

घरात दोघीच. नव्वदीच्या मिसेस डिन्सडेल वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांची लेक मिस लेटी, साठीची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. मला माळ्यावरची खोली दिलीय. जेवायला मटणाची तंगडी आणि नंतर गरम कस्टर्ड. लेटीबाईंनी पुन्हा वाढलं, मी नको म्हणालो नाही.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

म्हातारबाईंनी बोलावून घेतलं. त्यांचं बोलावणं म्हणजे पलंगाच्या पितळी दांडीवर अंगठी: ठक, ठक, ठक. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून विचारलं, काय रे हेडली, लीड्सला सुतारांना जेवायला घालत नाहीत का? मग कामाचं बोलल्या. पलंगाजवळची खिडकी आधी करायची, बाकीच्या गेल्या खड्ड्यात. माणसानं शेवटचा श्वास सोडला की घरच्यांनी लगेच खिडकी वर ढकलायची, जिवाला वाट द्यायची. आमच्या आजीकडेही हेच होतं. नवरा गेला तेव्हा याच खिडकीतून म्हातारबाईंनी त्याला वाट दिली. नंतर ती रंगानं चिकटली ती चिकटलीच. इतकी वर्षं ह्याच भिंती बघतेय, मेल्यावरही ह्याच बघत बसू होय रे पोरा, म्हणाल्या आणि खो खो हसल्या. हसताना माझं मनगट मात्र घट्ट धरलं होतं. मी शब्द दिला.

बुधवार, ६ ऑक्टोबर

सुरीनं रंग कापला, खिडकी मोकळी केली. वारा आत आला तशी म्हातारबाईंनी लहान मुलीसारखी मान वर केली. आतल्या दोऱ्या कुजलेल्या निघाल्या, कापून टाकल्या. नवी दोरी दुकानात परवा येईल. संध्याकाळी वादळ उठलं. दोरीवाचून तावदानं खडखड वाजायला लागली, म्हातारबाईंना झोप लागेना. मग दोन्ही तावदानं जिथे मिळतात तिथे एक लांब स्क्रू आरपार पिळला. डोकं दिसू नये म्हणून वरून पुट्टी, पुट्टीवर रंगाचा हात. तात्पुरतं. दोरी आली की काढायचा.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

दोरी आली. पण जेवणघरातली मोठी खिडकी हातात होती आणि ती सोडवेना. शेजारचा खाटीक मिस्टर रॉ सांगून गेला की उद्या डार्लिंग्टनला फुटबॉलचा सामना आहे, जादा तिकीट आहे, येतोस का. येतो म्हणालो.

लेटीबाई चहा घेऊन आल्या. विचारलं, आईची खिडकी झाली का? मी म्हणालो, एका बोटानं वर जाते. का म्हणालो? त्यांनी इतक्या विश्वासानं विचारलं की नाही म्हणायची लाज वाटली. रविवारी करून टाकीन, कोणाला कळतंय.

शनिवार, ९ ऑक्टोबर

गाडीत गाणी म्हणत आलो. घराचे पडदे खाली ओढलेले होते.

दुपारी गेल्या. लेटीबाई एकट्याच होत्या. दोन्ही हातांनी ढकललं, खांदा लावला, नखं तुटेपर्यंत ओढलं, खिडकी हलली नाही. काच फोडायचं सुचलं नाही म्हणे, आईला आदळआपट खपत नसे. हातांना फडकी गुंडाळून माझ्यासमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, तू एका बोटानं जाते म्हणाला होतास हेडली, म्हणजे माझेच हात कुचकामी. आयुष्यभर आईचं केलं आणि एवढं एक शेवटचं जमलं नाही.

मी म्हणालो, दमट हवेत लाकूड फुगतं.

असं म्हणालो मी. माझ्या तोंडानं.

रविवार, १० ऑक्टोबर

शवपेटी खाली दिवाणखान्यात नेलीय. लेटीबाई चर्चला गेल्या तेव्हा चोरासारखा वर गेलो. स्क्रू काढला, दोऱ्या ओवल्या. आता खरोखर एका बोटानं वर जाते. सकाळभर उघडी ठेवली. जा बाई, म्हणालो, माफ कर आणि जा. पडदा आत आला, बाहेर गेला. बाकी काही नाही. स्क्रू खिशात ठेवलाय, टाकवत नाही.

बुधवार, १३ ऑक्टोबर

पुरून आलो. नंतर हॅम आणि चहा. बायका कोपऱ्यात कुजबुजत होत्या, लेटीला साधी खिडकी उघडता आली नाही. सगळं ऐकलं. तोंडात हॅम होतं, ते गिळलं आणि गप्प बसलो. माझ्यासारखा नीच मीच.

पाहुणे गेल्यावर वरून आवाज आला. ठक, ठक, ठक. वजन चौकटीला लागत असेल म्हणून फळी काढून आत हात घातला. वजनं निश्चल. आतली हवा मात्र कोमट होती. कापराची. आजाऱ्याच्या खोलीची.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

ती खिडकी वर राहत नाही. वजन वाढवलं, शिसं घातलं, तरी खाली येते. पडत नाही, कोणीतरी हातानं आणावी तशी सावकाश येते. आणि आवाज आता मी असेन त्या खोलीत. जेवणघरात, जिन्यात, माझ्या माळ्यावर.

लेटीबाईंनाही ऐकू येतो. त्यांनी ऑर्गन सोडला. ह्या हातांनी देवाचं वाजवायचं नाही म्हणाल्या. आई माझ्यावर रागावलीय, हेडली.

त्याच हातांनी मला चहा दिला. सांगायला तोंड उघडलं. साखर मागितली.

सोमवार, १८ ऑक्टोबर

स्क्रू खिशात नाही. पेटीत नाही, माळ्यावर नाही.

लेटीबाई जेवत नाहीत. दिवसभर त्या खिडकीशी बसून ती वर ढकलतात, ती पुन्हा खाली येते, फडक्यांतून रक्त येतं. आज सांगायचं. जेवताना — नाही सांगितलं. उद्या.

मंगळवार, १९ ऑक्टोबर. दुपार

लेटीबाई कबरीवर फुलं ठेवायला गेल्यात. त्या आल्या की खोलीत नेऊन स्क्रूचं भोक दाखवीन, सगळं सांगीन, मग पोलिसांत देवोत की घराबाहेर काढोत. म्हणून वर आलो.

भोक नाही. पुट्टी आहे, वर रंग. वाळलेला. खरवडलं — खाली स्क्रू. त्याची खाच घासून सपाट केलेली. पकडच बसत नाही.

दार मागे लागलं. मी लावलं नाही —

कापराचा वास. हवा कमी होतेय. हातोडी काचेवर मारली. काच फुटत नाही. फक्त वाजते. ठक, ठक, ठक.

लेटीबाई आल्या, जिन्यात आहेत. ओरडलो, स्क्रू मी मारला होता! ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा — नाही. दारावर मूठ आपटली, तर तोच आवाज, अंगठीचा —

दारापलीकडे गुडघे टेकून बसल्यात. रडतायत. आई, माझ्या हातांना माफ कर. आई, बडवू नको गं —

लिहून दाराखालून सरकवतो. श्वास — लवकर —

लेटीबाई, तुमच्या हातांत काही दोष नव्हता, तो