तीस मोजेपर्यंत

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचले एकदाची. पिशवी एक, चपलांचे जोड दोन, आणि ही वही. नोकरी मिळाली! लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, जिन्याखालची अरुंद खोली, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर मी राहणार. ताठ उभं राहिलं की डोकं छताला लागतं, पण खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि दुसऱ्यांचे कपडे बघून ती माणसं कशी असतील ते ठरवायला मला फार आवडतं. समोर कुणीतरी एकाच रंगाचे नऊ मोजे वाळत घातलेत. दहावा कुठे गेला? असो, भरकटले.

मालकांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण गिऱ्हाइकालाही पाढे म्हणायला लावतील असा चेहरा. शिक्षण विचारलं. नववी, तीही अर्धी, म्हटलं. मग आधी कुठे कुठे काम केलं ते विचारलं. बेकरी, छापखाना, नावेवर तिकिटं फाडणं, लोकांची कुत्री फिरवणं… मी बोटं मोजायला लागले तर म्हणाले, पुरे, इथे किती दिवस टिकणार तेवढं सांग. मी म्हटलं, बघू. ते हसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला धडा झाला. लॅपटॉप चालूच होत नाही म्हणून कुणी आला तर लगेच स्क्रू काढायला धावायचं नाही. आधी चार्जर मीटरने तपासायचा. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच घरी जातात. चार्जर बरा निघाला तर तो काढायचा, बॅटरीही काढायची, आणि चालू करायचं बटण दाबून धरायचं. तीस आकडे मोजायचे, मोठ्याने. मग सोडायचं. आत कुठेतरी थोडा करंट अडकून बसलेला असतो, तो यंत्राला धड जगूही देत नाही. दाबून धरलं की तो निघून जातो. मग चार्जर लावायचा. दहातले तीन-चार नुसत्या एवढ्यावर उठून बसतात, असं मास्तर म्हणतात.

मी सतरावर थांबले, कारण दारावरून एक माणूस पाठीला खुर्ची बांधून चालला होता. पुन्हा एकपासून. मग बाविसावर. पुन्हा एकपासून. मास्तर म्हणाले, तुझं मन म्हणजे बिनकडीची खिडकी आहे. शेवटी झाले एकदाचे तीस, आणि लॅपटॉप चालू! मी टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाईक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनीही वाजवल्या.

हे आईला सांगायला हवं होतं. तीन वर्षं झाली फोन करून. दर वेळी निघताना म्हणते, नव्या जागी पोचले की करेन. या आठवड्यात नक्की.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पलीकडच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकू आल्या. लॅपटॉप त्यांनी कापडी पिशवीत घालून आणला होता, त्याच्याच मापाची, अस्तर लावून शिवलेली. एवढी जपून शिवलेली पिशवी मी लहान मुलाच्या दप्तरालाही पाहिली नाही.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा. तो लांब नोकरीला होता. गेल्या वर्षी घरी यायला निघायचं त्या सकाळी तो आईसाठी लॅपटॉपवर निरोप बोलून ठेवत होता. मध्येच बॅटरी संपली. चार्जर बिघडलेला, म्हणून नवा आणायला खाली उतरला, आणि रस्ता ओलांडताना गेला. त्याच्या सामानातून लॅपटॉप घरी आला. काकूंनी हे सगळं टाके घातल्यासारखं सांगितलं, एका अंतराने, न थांबता. तो निरोप मला पुरा ऐकायचाय, म्हणाल्या.

घरी आल्यावर चालत होता का, असं मास्तरांनी विचारलं. त्यांनी दुकानाची चिठ्ठी पुढे ओढली. सही डाव्या हाताने केली. उजवा हात शेवटपर्यंत शालीखाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कुठून लिहू.

नवा चार्जर लावला. दिवा नाही. बॅटरी फुगलेली, ती काढून टाकली. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या, परत बसवली. काही नाही. मास्तरांनी टेबलावरच्या सप्लायला, म्हणजे थेट वीज देणाऱ्या डब्याला, जोडून पाहिलं, काटा हललाच नाही. दगड आहे, म्हणाले. मग तारा काढल्या, मला तीस मोजायला सांगितलं आणि हात धुवायला गेले.

बाराला बटणाशेजारचा दिवा लागला.

बॅटरी टेबलावर माझ्यासमोर पडलेली. चार्जर खिळ्याला टांगलेला. मी मोजत राहिले, कारण थांबले तर पुन्हा एकपासून, एवढंच डोक्यात. एकविसाला पडदा उजळला. एका मुलाचा आवाज आला, हसरा, घाईतला. "आई, मी निघतोय. संध्याकाळी पोचेन—"

बोट उचललं. सगळं विझलं.

बोटाचं टोक पांढरं पडलंय. चिमटा काढून पाहिला, कळलाच नाही.

मास्तरांना आधी खरं वाटलं नाही. त्यांनी बॅटरीच्या रिकाम्या जागी मीटर लावला आणि दाब म्हणाले. शून्य. तीन. सात. अकरा व्होल्ट. त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला ओढला. मीटर बंद केला. मग म्हणाले, आपण आतलं बाहेर काढायला दाबतो, हे बाहेरचं आत ओढतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मास्तरांनी काकूंना बोलावून सांगितलं की होणार नाही. बॅटरी जिथे संपली तिथेच निरोप तुटला, पुढचं तो बोललाच नाही, मग ऐकणार काय.

काकूंनी शाल बाजूला केली. तर्जनीला नख उरलेलं नाही. बोट, तळवा, मनगट, सगळं धुतलेल्या कागदासारखं. वर्षभर रोज दाबत होत्या. पहिल्या दिवशी नुसतं ‘आई, मी निघतोय’. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त धरलं की एखादा शब्द पुढे. संध्याकाळी पोचेन. दार लावू नकोस. त्यापुढचा शब्द यायचा होता, आणि एक दिवस दिवाच लागेना. सुईही धरता येईना.

"माझ्या हातात आता काही उरलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आणला."

मास्तरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "वहिनी, दुसऱ्याच्या लेकराच्या हातून हे करवून घ्यायचं नव्हतं."

काकू मान खाली घालून बसल्या. मग माझ्याकडे न बघता उठून गेल्या. पिशवी लॅपटॉपसकट इथेच राहिली, मास्तरांनी ती कपाटात ठेवली. मास्तर उद्या सुटे भाग आणायला जाणार, तीन दिवस. आल्यावर स्वतः नेऊन देतो, म्हणाले, तोवर कपाट उघडायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

निघायचं म्हणून माझी पिशवी भरली होती. कुठूनही निघायला मला दहा मिनिटं पुरतात. वाटेत काकूंचं घर लागलं. पुढे शिलाईयंत्र, मागे खोली. दार सताड उघडं आणि खाली वीट लावलेली. वीट घासून गुळगुळीत झालीय. आत काकू डाव्या हाताने सुईत दोरा ओवत होत्या. चार वेळा चुकला. पाचव्यांदाही.

माझी आईही अशीच बसत असेल का कुठे? तिने तरी दार—

परत आले. कपाट उघडलं. काकूंना हाक मारून आणलं. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. मीच म्हटलं, एकदा, तीसपर्यंतच.

तीसला दिवा पिवळा. चाळीसला तो म्हणाला, दार लावू नकोस, मला भूक लागेल. काकू हसल्या. इतक्या हसल्या की मलाही रडू आलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुसरं बोट वापरलं. पहिलं आता वाकत नाही. साठपर्यंत मोजले. मन कुठेच गेलं नाही. दारावरून काय काय गेलं असेल, मी पाहिलंच नाही.

आज त्याचा आवाज हसरा नव्हता.

"आई, तुझ्याजवळ कोण बसलंय?"

हे त्या सकाळी बोललेलं नाही. हे आत्ताचं आहे. काकूंनाही कळलं. त्यांनी माझा हात ओढला, बोट सुटलं. आता बस, म्हणाल्या, पोरी, आता बस. तू जा तुझ्या आईकडे.

जाईन म्हटलं. दुपारी माझी पिशवी उचलली तर उजव्या हातात ती राहिना. पडली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी खाली उतरले तेव्हा कपाट उघडं. मी उघडलं नव्हतं — बहुतेक. लॅपटॉप टेबलावर. आणि माझं बोट आधीच बटणावर —

डाव्या हाताने लिहितेय. वाकडं येतंय. काकू आल्यात.

निघत नाही. काकू ओढतायत. साबण लावून पाहिला. मास्तर संध्याकाळपर्यंत येतील. खांद्यापर्यंत काही कळत नाही. थंडही नाही. काहीच नाही.

तो म्हणाला —

"आई, आलोच. तिला सांग, बोट उचलू नकोस."

काकूंनी पडद्यावर हात फिरवला, गालावरून फिरवतात तसा. मग उभ्या राहिल्या. तोंड पांढरंफटक. "मी घरचं दार लावून येते," म्हणाल्या. "त्याला यायला उघडं लागतं ना. लावून येते." उंबऱ्याशी थांबल्या. एकदा वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, पडद्याकडे. मग पळत गेल्या.

वीट जड आहे. त्यांचा एकच हात.

मोजतेय, म्हणजे मन इथे राहील. दोनशे दहा. अकरा. मास्तर, बघा, एकदाही चुकले नाही —

फोन बंद पडलाय. आईचा नंबर शेवटच्या पानावर लिहिलाय. कुणीतरी लावा. म्हणावं टिकले मी. एका जागी —

बाहेर पावलं. काकू अनवाणी गेल्या होत्या. हे बूट आहेत.

लांब दार आपटल्याचा आवाज. तेच का? लावलं का त्यांनी? बोट —

दोनशे तीस. आई, मी निघतेय, संध्याकाळी