सरकारी न

दादा,

आज दुपारी लेक नातीला घेऊन आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आई, शाळेतून काढलं हिला." नात सहा वर्षांची आहे. तिला कड्या-कुलपांचं वेड. इथं नांदेडच्या जुन्या गल्ल्यांतून तिला फिरवायला नेलं की दर दारापाशी ती थांबते, कडी हलवून बघते, कोयंड्यात बोट घालते, आणि आतून कुणी "कोण आहे?" विचारलं तर "कुणी नाही, मी फक्त कडी बघतेय" असं सांगून पुढच्या दाराला जाते. शाळेत ती दिवसभर दप्तराचं बक्कल उघडत-लावत बसते आणि बाईंना ते चालत नाही. लेक म्हणाली, "तूही वर्षभर शाळेत गेली नव्हतीस ना? आजोबांनी काय केलं होतं तुझं?" मी चहा टाकायचं निमित्त करून उठले. तुम्ही काय केलं होतं माझं, ते मला एका वाक्यात सांगता येईना. लेकीनं तुम्हाला पाहिलेलंही नाही, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. तेव्हा म्हटलं, तुमच्याशीच बोलून बघावं.

नवा जिल्हा झाला ते वर्ष. आपल्या निलंग्याकडच्या गावात त्याचा आनंद कुणाला किती झाला ते मला ठाऊक नाही, पण आपल्या घरात झाला, कारण तुम्ही पेंटर होतात आणि अख्ख्या मुलखातल्या बोर्डांवरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं. शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती, सगळीकडं 'जि. उस्मानाबाद' जाऊन 'जि. लातूर' यायचं होतं. सबंध बोर्ड नव्यानं रंगवायची परवानगी नव्हती. जुन्या नावावर पांढरा हात मारायचा आणि वाळलं की त्यावर नवं नाव बसवायचं. पण उस्मानाबाद लांब आणि लातूर आखूड, त्यामुळं प्रत्येक बोर्डावर उजव्या अंगाला थोडी जागा रिकामी उरायची. मला ती बघवत नसे. मी एकदा विचारलं, "दादा, हितं काय लिवायचं?" तुम्ही रॉकेलच्या डब्यात ब्रश खळखळवत म्हणालात, "काय न्हाई. हितं वारा बसंल." त्यानंतर किती दिवस मी बोर्डाच्या त्या कोपऱ्याकडं टक लावून बघत असे, वारा आला का म्हणून.

त्याच साली पावसानंही पाठ फिरवली होती. गावच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि माय रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होती. मी पहिलीत होते, पण नावालाच. गुरुजी फळ्यावर ग काढायचे आणि मी त्याच्या पोटाची गोलाई जमेपर्यंत सकाळभर तो एकच ग पाटीवर काढत बसायचे. तोवर वर्ग म आणि भ करून पुढं गेलेला असायचा. एक दिवस गुरुजींनी माझा कान पिरगाळला. मी पाटी तिथंच ठेवून घरी आले आणि परत गेलेच नाही. संध्याकाळी मायला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण तोंडही थांबलं नाही. "आवं, तुमी हसून राह्यलाव? ह्या फोटोखाली बसून लेकरू शाळा सोडून राह्यलंय, आन तुमी हसून राह्यलाव?" फोटोकडं तिनं पिठाच्या हातानंच बोट केलं. आपल्या घरात एकच फोटो होता, निळा कोट घातलेला, आणि त्याच्यासमोर कुणी शाळेबद्दल वाकडं बोलायचं नाही असा मायचा कायदा होता.

तुम्ही म्हणालात, "सोडली न्हाई तिनं. चार दिस माज्यासंगं राहू दे. अक्षराचंच याड हाय ना? मंग ते कामाचंच हाय."

"याडानं पोट भरतंय का?"

"माजं भरतंय की."

मायनं तव्यावरची भाकरी आपटून उलटली, म्हणजे तिला राग आला होता. मग तुम्ही कबूल केलंत, की जूनच्या आत पोरीनं एकटीनं एक बोर्ड लिहून दाखवला तर ती तुमच्याजवळ राहील, नाहीतर शाळेत. मायनं अट घातली, "समद्यांला वाचता आला पाह्यजे." तुम्ही "हाव" म्हणालात. हे सगळं चाललं होतं तेव्हा मी काठवटीतल्या पिठात बोटानं ल काढत होते. माझ्याबद्दल काही ठरतंय हे मला कळत होतं आणि मला शाळेत जायचं नव्हतं. तुमच्या सायकलवर, रंगाच्या डब्यांच्या वासात बसायचं होतं.

चार दिवसांचे महिने झाले. आठवायला बसलं की ते सगळे दिवस एकच लांबलचक दुपार वाटतात. एसटीच्या टपावर शिडी बांधलेली आहे, आत तुमच्या मांडीवर डबा आणि डब्यावर माझं डोकं आहे. कधी जळकोटचा दवाखाना, कधी सीमेवरचं एखादं गाव, जिथं बोर्डावर वर मराठी आणि खाली कानडी. ती कानडी अक्षरं मला मायनं उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांसारखी दिसायची आणि कावळा येऊन उचलून नेईल अशी भीती वाटायची. तुम्ही मला कधी 'हा क, हा ख' असं शिकवलं नाहीत. मी बोट दाखवलं की सांगायचात, नाही दाखवलं तर आपलं काम करायचात. गेरू लावलेली दोरी भिंतीवर ताणून धरायची आणि मधोमध चिमटीनं उचलून सोडायची हे माझं काम. टप्प असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर सरळ लाल रेघ उमटायची, आणि मला दर वेळी वाटायचं की ती रेघ आधीपासून तिथं होती, आपण फक्त तिला उठवलं. रंग वाळेस्तोवर आपण लिंबाखाली पडून राहायचो. तुम्ही तुमच्या उस्तादांच्या गोष्टी सांगायचात. ते उर्दू लिहायचे आणि म्हणायचे, तसल्ली नसेल तर ब्रशला हात लावू नको. एका गावात दुसऱ्या कुणी लिहिलेला वेडावाकडा बोर्ड बघून मी खिदळले, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. "दुसऱ्याच्या अक्षराला हसायचं न्हाई. त्या दिशी त्याचा हात कसा व्हता, तुला काय ठाव?"

मांजरा कोरडी पडली होती. एकदा परतीची एसटी चुकली म्हणून आपण नदीच्या पात्रातून चालत निघालो, आणि तुम्ही म्हणालात, "लिही की हितं. एवढी मोठी पाटी परत कवा गावायची?" मी टाच घासत वाळूत लातूर लिहिलं. इतकं मोठं, की ला चा काना संपेपर्यंत मला दम लागला. मग मी त्या अक्षरांच्या आतून चालले, त च्या वाकणातून वळले, ऊकाराच्या शेपटीपाशी बसले. तुम्ही काठावर बिडी ओढत उभे होतात. तिथून तुम्हाला ते पूर्ण वाचता येत होतं आणि मला आतून काहीच वाचता येत नव्हतं. इतकं सुख मला पुढं फारसं कशात मिळालं नाही, दादा.

आता त्या ण चं सांगते. मला तो फार आवडायचा. ठाणे, ग्रामीण, शिक्षण, जिथं जिथं तो असायचा तिथं मी त्याच्यापुढं उभी राहायचे. पण त्याचा आवाज कोणता, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं की मला माहीत आहे. तुम्ही 'पोलीस ठाने' म्हणायचात आणि ण काढायचात. आपल्या घरात पानी, कोन, म्हनून. गावात कुणाच्याच तोंडात दुसरा आवाज नव्हता. तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की हा न च आहे, फक्त नोकरीला लागलेला. कचेरीच्या बोर्डावर जाताना तो असा ताठ उभा राहतो आणि घरी आला की पुन्हा साधा न होतो. सरकारी न. एवढं स्वच्छ कळल्यावर विचारायचं कशाला?

उन्हाळ्याच्या शेवटी मायच्या कामावर लोखंडी टाकी आली. टँकर यायचा, टाकीत पाणी ओतायचा, आणि त्या तोटीला कुणीही हात लावायचा. आपल्या हातानं तोटी सोडते आणि आपल्या हातानं बंद करते, हे माय घरी येऊन रोज सांगायची, जसं काही काल सांगितलंच नव्हतं. टाकीवर लिहायचं काम तुम्हाला मिळालं आणि तुम्ही ते मला दिलंत. तुमचा जुना खारीच्या केसांचा ब्रश माझ्या मुठीच्या मापानं कापून, दांड्याला दोरा गुंडाळून दिलात. मला मिळालेली ती पहिली भेट. दोरी मारून झाली. तुम्ही म्हणालात, "लिही, पिन्याचे पानी," आणि पुढच्या मैलाच्या दगडाकडं निघून गेलात, म्हणजे मी खरंच एकटी असावी. मी क्षणभर विचार केला. ही काही कचेरी नव्हती. ही आपली, प्यायची टाकी होती. मी घरचा न घातला, दोन्हीकडं. 'पिन्याचे पानी'. अक्षरं अशी काही उतरली होती की बाया खडी फोडायच्या थांबून बघायला आल्या. मायला वाचता येत नव्हतं. ती ओल्या रंगापासून वीतभर लांब बोट धरून एकेक अक्षरावरून फिरवत होती आणि बायांना सांगत होती, "माज्या लेकीनं लिवलं."

तेवढ्यात जीप आली, आणि ती बघून तुम्हीही धावत आलात. साहेब उतरले, त्यांनी वाचलं, मोठ्यानं पुन्हा वाचलं आणि हसले. "पिन्याचे पानी! अहो पेंटर, हे कुणी लिहिलं? या पोरीनं? शाळेत घाला हिला, शाळेत." साहेब वाईट नव्हते. त्याच टाकीतलं पाणी पेलाभर पिऊन ते गेले. पण बाया हसल्या, आणि मला काय चुकलं ते कळेना. तुम्ही माझ्यापुढं उकिडवे बसून विचारलंत, "ण का न्हाई काढला?" खरं तर तुम्ही 'न का न्हाई काढला' असंच म्हणालात, आणि मी म्हटलं, "काढला की." मग मी तुम्हाला सरकारी न ची सगळी हकीकत सांगितली. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पहिल्यांदाच तुम्हाला हसू आलं नाही.

मला वाटलं, माय आता म्हणेल, झालं तर मग, जूनला शाळा. मी रडायच्या तयारीत होते. माय म्हणाली, "पन वाचता आलं ना सायबाला? पानीच वाचलं ना त्यांनी, धोंडा तर न्हाई वाचलं? जिकली पोरगी. राहू द्या तुमच्यासंगं." वर्षभर तुमच्याशी भांडलेली माय हे बोलत होती. आणि तुम्ही मान हलवलीत. "न्हाई. शाळेत जाईल ती. तिनं मी बोललो तसंच लिवलं. जे माज्या तोंडात न्हाई, ते मी तिला कुठून देऊ?"

त्या संध्याकाळी आपण तिघं बांधाबांधानं घरी आलो. तुम्ही जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढून बघत होतात, मायही बघत होती, आणि निघायचा तो न च. माय मध्येच स्वतःच्याच आवाजाला हसली, मग तुम्ही हसलात, आणि काळवंडलेल्या रानात आपण तिघंही ते नसलेलं अक्षर म्हणत चाललो होतो. आयुष्यभर हजारदा रंगवलेलं अक्षर तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा म्हणायला गेलात. मला तेव्हा गंमत वाटली.

पुढं मी मास्तरीण झाले. किनवटच्या आश्रमशाळेत बरीच वर्षं शिकवलं. तिथल्या पोरांच्या तोंडातही ण नसतो. मी त्यांना कधी हसले नाही, पण तो म्हणायला लावल्याशिवाय सोडलंही नाही. यातलं बरोबर कोणतं, तुमचं ते वर्ष की नंतरची शाळा, हे लेकीला काय सांगू? दोन्ही सांगितलं तर ती म्हणेल, आई, एक काहीतरी सांग. बाहेरच्या खोलीत नात माझ्या कपाटाची कडी काढतेय आणि घालतेय, आणि लेक तिला हटकत नाहीये, एवढं मला ऐकू येतंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. जूनमध्ये तुम्ही मला शाळेच्या दारात सोडलंत आणि बराच वेळ कुंपणाबाहेर सायकल धरून उभे राहिलात. मला पहिल्याच दिवशी शाळा आवडली, दादा. गुरुजी आवडले, पोरी आवडल्या, सगळ्यांनी एका सुरात म्हणायची उजळणी आवडली. दोन दिवसांत मी रंगाचा वास विसरले. पण तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचात, "करमतंय का गं शाळेत?" आणि मी रोज "न्हाई" म्हणायचे, कारण मी "न्हाई" म्हटलं की तुमचा चेहरा खुलायचा.