चिमीचे पाच शनिवार

उचगाव,
रविवार, १५ एप्रिल १९७९

प्रिय श्यामला,

'सौ.' लिहायला हात उठला नाही. तेवढं समजून घे. पत्ता तुझ्या आईकडून आणला. माईंनी दार अर्धंच उघडलं होतं, पण मी आवाज चढवला नाही, शप्पथ. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि वहीचं पान पुढं केलं. पत्ता लिहून दिला आणि लगेच आतून कडी घातली. माझी एवढी दहशत आहे हे मला आताच कळायला लागलंय.

तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. पहिल्या तिन्हींत नुसत्या शिव्या होत्या. तूच शिकवलं होतंस ना, रागात तोंड उघडायच्या आधी दहापर्यंत मोजा म्हणून? मी शंभरदा मोजले, तरी राग जाग्यावरच हाय.

कॉलेजात सरांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळा वर्ग खिदळला, तेव्हा तू एकटी हसली नव्हतीस. मी शाईची दौत भिरकावून बाहेर पडलो तो पुन्हा त्या पायऱ्या चढलो नाही. दीड वर्ष म्हशी आणि मी. मग शाळेनं आमच्या चिमीबद्दल चिठ्ठी पाठवली: पोरगी चावते, पाटी फेकून मारते, पोरीला घेऊन पालकांना पेठेतल्या बालवाडीत शनिवारच्या वर्गाला पाठवा. आक्काला शरम वाटली. नवरा टाकून गेलेल्या बाईनं पेठेत जाऊन आणखी काय ऐकून घ्यायचं, म्हणाली. म्हणून भाचीला सायकलच्या दांडीवर बसवून मी आलो, तर त्या बालवाडीच्या मागच्या खोलीत बाई म्हणून तू उभी! सहा आया आणि मी एकटा बाप्या. तू सगळ्यांना 'अहो' म्हणालीस, मलाही. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

दुसऱ्याच शनिवारी चिमीनं तुझ्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. मी हात उगारला, तो तू हवेतच धरलास. मग तिच्याएवढी खाली बसलीस आणि साध्या आवाजात म्हणालीस, "मला दुखलं. तुला काय पाहिजे ते तोंडानं सांग." बास. माझं जे व्हायचं ते तिथंच झालं. तुला ते दिसत नव्हतं असं आता म्हणू नकोस.

एकदा तू मला चिमी व्हायला लावलंस आणि स्वतः मामा झालीस. कमरेवर हात ठेवून अशी ओरडलीस की मी खरंच मागं सरकलो. आया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक जण तर म्हणाली, "बाई, हुबेहूब की ओ!" त्या दिवशी घरी जाताना मी चिमीला एकदाही दटावलं नाही. आक्काला वाटलं मला ताप भरलाय.

आणि पोरगी बदलली गं. "मला बी घ्या की खेळाय," एवढं एक वाक्य तू तिच्याकडून किती वेळा म्हणवून घेतलंस! माघात ती ते गल्लीतल्या पोरींना म्हणाली आणि पोरींनी तिला घेतलं. आक्का चुलीपुढं बसून रडली.

तिच्या बापाचं मी तुला सांगितलं होतं. बाजाराला जाऊन येतो म्हणाला आणि परत आला नाही. त्यावर तूच सगळ्या वर्गाला नेम घालून दिलास: मुलाला सोडून जायचं असेल तर सांगून जा. रडेल, आदळआपट करेल, करू दे. पण चोरून सटकू नका. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास.

आणि तूच म्हणालीस, पुढच्या शनिवारी सुट्टी, त्याच्या पुढच्या शनिवारी भेटू. आम्ही आलो. खोलीला कुलूप. झाडणाऱ्या धोंडुबाईनं मला बाजूला घेतलं. "पावणं, बाईंचं लगीन झालं की मागल्या आईतवारी! तुमास्नी सांगू नका म्हणाल्यात्या. मांडवात येऊन दंगा करशीला म्हणून."

श्यामला, मी दंगा केला असता? केला असता कदाचित. पण तू ज्याला चार महिने शहाणं करत होतीस, त्याच्यावर तुझा एवढाही विश्वास नव्हता? मग ते सगळं कशाला शिकवलंस?

चिमी तिथंच झोपाळ्यावर होती. तिला म्हणालो, बाई आजारी हैत. पुढच्या शनिवारी म्हणालो, ताप उतरला न्हाय. मग गावाला गेल्यात. मग पाव्हणं आल्यात. पाच शनिवार ती वेणी घालून सायकलपाशी उभी राहायची आणि पाच शनिवार मी खोटं बोललो. तुझं नाव घेऊन तुझाच नेम मोडला. पाचव्या शनिवारनंतर सोमवारी ती शाळेत पुन्हा चावली. हेडमास्तर म्हणाले, आणखी एकदा झालं तर दाखला घरी पाठवतो.

काल तिच्याएवढा खाली बसलो आणि खरं सांगितलं. बाईंचं लग्न झालं, त्या लांब गेल्या, आता येणार न्हाईत. तिनं दुधाचं माप भिंतीवर आपटलं. मी आपटू दिलं. रडून झाल्यावर आपणच उठली, माप उचलून आणलं आणि मला विचारलं, "मामा, मी बाईंला चावलोतो, म्हणून गेल्या व्हय?"

नाही म्हणालो. पण पाच शनिवार खोटं बोललेल्या माणसाचं ती का ऐकेल? म्हणून हे पत्र. तू का गेलीस ते मला कळवू नकोस. चिमीनं विचारलं तेच मी महिनाभर स्वतःला विचारतोय, पण माझं मी बघेन. तू फक्त तिला एक कार्ड टाक. तुझ्या अक्षरात, मोठ्या अक्षरात, की तिच्या चावण्यामुळं तू गेली नाहीस. पुढच्या शनिवारच्या आत टाक. मी तिला तसं सांगितलेलं नाही. या वेळी आधी कार्ड येऊ दे, मगच सांगेन.

चिमीचा मामा,
जोतीराम