लाल बटणावरचा हार

बाबा, आज कारखान्यात दसऱ्याची पूजा आटोपून घरी आले आणि तुमच्या फोटोसमोर बसून हे लिहिते आहे. माझं काम तुम्हाला कधी नीट पटलं नाही. अपघात झाला की तो कसा झाला ते शोधायचं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं ते सांगायचं, असं मी समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे हात तुटल्यावर जाते तू." आई पोळ्या लाटता लाटता हसली. मी रागावले होते.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. काटोलच्या वाटेवर संत्री धुऊन निवडायचा कारखाना आहे, तिथे मी सुरक्षा अधिकारी आहे. सुट्टीनंतर पट्टे सुरू झाले. निवडणीवरच्या एका बाईनं रोलरखाली अडकलेली पानं काढायला हात घातला. सगळ्याच घालतात, कारण पट्टा थांबवला की मागे ढीग होतो आणि सुपरवायझर ओरडतो. तिची बाही रोलरनं ओढली. मैत्रीण पट्टा थांबवायचं लाल बटण दाबायला धावली, तर बटणावर पूजेचा झेंडूचा भरगच्च हार. फुलांत बटण सापडेपर्यंत हात मनगटापर्यंत आत गेला होता. हात वाचला, दोन बोटं गेली.

दवाखान्यात मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माहंच ध्यान नव्हतं मॅडम. हारही मीच घातला होता."

हे वाक्य मी आपल्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं. तुम्ही पाटावर बसला आहात, उजव्या हाताला ही मोठी पट्टी, आई भाकर कुस्करून तुम्हाला भरवते आहे. "झालं कसं पण?" ती विचारते. "माहंच ध्यान नव्हतं," तुम्ही म्हणता आणि मला डोळा मारता, "अर्धा अंगठा मशीनले आवडला वं, ठेवून घेतला तिनं." पुढे इंजिनिअरिंगला असताना मी तुम्हाला विचारायला बसले: वर्कशॉपमधल्या त्या प्रेस मशीनला हात आत जाऊ नये म्हणून जाळी होती का, त्या दिवशी दुसरी पाळीही तुम्हीच करत होता का. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "काहून वं, माही खबर घेऊन राहिली का जबाब?" पुन्हा तो विषय आपल्यात निघालाच नाही.

कारखान्यात मॅनेजर माझी वाट बघत होते. "मॅडम, बाई स्वतः कबूल करून राहिली. हार तिचा, हात तिचा. निष्काळजीपणा लिहा अन् मोकळं व्हा. पूजेचं नाव कशाले मधात आणता?" तसं लिहिलं असतं तर तिला परत कामावर घेतलं नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी लगेच "नाही" म्हटलं, असं मला इथे लिहायला आवडेल. पण तिनं स्वतः सांगितलेलं मी खोटं का ठरवावं, असं मला थोडा वेळ खरंच वाटलं. आणि मग तुमच्या वर्कशॉपमधला एक दसरा आठवला. नवा फ्रॉक घातलेल्या मला तुम्ही उचलून धरलं आहे, माझ्या हातात हार. "कुठं घालू बाबा?" "घाल न, जिथं अडकते तिथं." मी तो लाल बटणावर घातला. सगळ्यांत पुढे आलेलं, सगळ्यांत छान तेच होतं. तुम्ही म्हणालात, "वा वं, बरोबर शोधलं!"

मी उठले आणि मॅनेजरना घेऊन सगळी शेड फिरले. देवाचा हार आपणहून सुकेपर्यंत कुणी काढत नाही, त्यामुळे सगळे हार जागच्या जागी होते. एकूण एक यंत्रावर हार लाल बटणावर. यंत्राच्या सपाट पत्र्यावर अडकवायला दुसरं काही नव्हतंच. मॅनेजरांच्या स्वतःच्या हातचा हारसुद्धा तसाच. तो त्यांनी स्वतःच उतरवला आणि निष्काळजीपणा लिहा असं पुन्हा म्हटलं नाही.

मग पानं अडकू नयेत म्हणून पट्ट्याच्या तोंडाशी चाळणी बसली, प्रत्येक यंत्रावर उंच, बटणापासून दूर, हारासाठी एक हुक बसला. आज पहिला हार त्या बाईनंच घातला. दोन बोटं नसलेल्या हातानं तिला थोडा वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही, कारण तिनं डोळ्यांनीच नको सांगितलं. "मॅडम, पुढच्या वर्षी देवाले हेल्मेट द्या बरं," मॅनेजर म्हणाले. सगळे हसले, मीही.

हे पत्र माझ्या वहीतच राहणार. तुमचं ध्यान नव्हतं, यावर माझा आता विश्वास नाही, पण नक्की काय झालं ते मला कधीच कळणार नाही. फोटो काढताना तुम्ही अंगठा मुठीत लपवायचात; या एकाच फोटोत तो चुकून दिसतो. दरवर्षी मी हार असा घालते की तो झाकला जावा. तुम्हाला तेच आवडलं असतं, अशी मी माझी समजूत घातली होती. आज हार आखूड करून वरच्या खिळ्याला टांगला. खरं सांगू का बाबा, तो अंगठा मलाच बघवत नव्हता.