खड्ड्याचा तळ

आबा,

आज तुमच्या लेकीनं कतारमध्ये संडासाच्या खड्ड्यात उतरून मैदान मारलं. हसू नका. इथल्या मुशैरिब भागाजवळ एक इमारत उभी राहायची आहे, त्याआधी तिथल्या जुन्या घराच्या जागेवर आमचं उत्खनन चालू आहे. अंगणाच्या कोपऱ्यात हा खड्डा लागला, कधीचाच वाळून माती झालेला. घरच्यांनी मोडकंतोडकंही त्यातच टाकलेलं: बशांचे तुकडे, कॉफीचे बिनकानाचे कप, खजुराच्या बिया, माशांचे काटे. घर काय खात होतं, परदेशातून काय मागवत होतं, सगळं त्यावरून कळतं. पण चार फुटांवर आमचे प्रमुख म्हणाले, पुरे, खालीही हेच असणार. मुकादम तर डंपर घेऊन उभाच. "मॅडम, खलास करो ना, यल्ला!"

तेव्हा मला तुम्ही दिसलात. नगरपालिकेच्या वस्तीतले संडास उपसून आला आहात, मोरीत तीनतीनदा साबण लावून हात धुताय, आणि दहा वर्षांची मी ताटावरून ओरडतेय, "जेवताना नका ना सांगू!" तरी तुम्ही सांगताच. "फुटकं वर ऱ्हातं पोरी, धड आन् जड ते तळाला जातं. धड वस्तू कुणी संडासात टाकत न्हाई. एक तर हातातनं पडती, न्हाई तर लपवायची असती."

मी अडून बसले. तळ पाहिल्याशिवाय बुजवू देणार नाही म्हटलं. प्रमुखांनी नाइलाजानं दोन तास दिले. दीड तासात तळाशी मातीच्या चिलमी निघाल्या. पाच, आणि पाचही धड! पाच वेळा कुणाच्या हातून चिलीम पडत नाही, आबा. त्या घरात कुणीतरी चोरून तंबाखू ओढत होतं आणि पाऊल वाजलं की खड्ड्यात टाकून मोकळं होत होतं. मला तर त्या माणसाला मिठीच मारावीशी वाटली. डंपर आल्या पावली परत गेला, खड्ड्याला आठवड्याची मुदत मिळाली.

प्रमुखांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? आजवर प्रत्येक फॉर्मवर मी 'वडील नगरपालिकेत नोकरीला' एवढंच लिहीत आले. आज सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं, माझे वडील संडास उपसायचे, त्यांनी शिकवलं. टाळ्या पडल्या. ऊर भरून आला माझा.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तोंड उघडण्याआधी मी चौफेर नजर फिरवली होती, जवळपास कुणी मराठी माणूस तर नाही ना, म्हणून.