टँकरपट्टी

१२ एप्रिल १९९८, रविवार

ठराव पास! बोअर आटली, टँकर रोजचा झाला. त्याचा खर्च इमारतीतल्या सहा किरायदारांनी द्यायचा — घरटी दीडशे, दर महिना. आम्ही दहा मालक, आमची सगळी जिंदगी या कुकटपल्लीच्या मातीत गाडलेली. ते आज इथं, उद्या बेंगळूर. जाणाऱ्याने पाणी तरी विकत प्यावं. ठराव मी मांडला, मी वाचला, अध्यक्षही मीच. किरायदारांना बोलावलं नव्हतं. कशाला?

१५ एप्रिल

दुसऱ्या मजल्यावरची केतकी माझ्या किराणा दुकानात आली. पैसे नाही, कागद घेऊन. पुण्याची पोरगी, हिमायतनगरच्या शाळेत इतिहास शिकवते. नवरा रोहन कॉम्प्युटरवाला. कागदावर सहाही किरायदारांच्या सह्या. म्हणाली, "काका, ज्या सभेत आम्हाला मत नाही, तिची पट्टी आम्ही देणार नाही. अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांना हेच सांगितलं होतं."

म्हटलं, "बाई, अमेरिकेला जायचं तर व्हिसा लागतो. इथं दीडशेत काम होतंय." चहा मागवू का विचारलं. नको म्हणाली. माझ्या चहाला नको म्हणणारं माणूस या वीस वर्षांत पहिलंच.

१८ एप्रिल

सहाही घरांनी माझ्या दुकानातून किराणा नेणं बंद केलं. मेन रोडच्या नव्या सुपरमार्केटात जातात आणि पिशव्या मुद्दाम माझ्या दारावरून नेतात. आज रोहन दहा किलो तांदूळ खांद्यावर घेऊन गेला — दोनदा टेकला, पण गेला. घ्या हौस पुरवून! बीदरहून आलो तेव्हा मी दिवसाला साठ पोती वाहिलीत. मला पोत्यांचा धाक?

जिन्यात माझं नवं नाव ऐकलं. "हळू बोला, जॉर्ज येतोय." हा कोण ते विचारलं पाहिजे.

१९ एप्रिल, रविवार

मुकुंदरावांना विचारलं. वरच्या मजल्याचे मालक, तारनाक्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात उभी नोकरी झालेली. जॉर्ज म्हणजे इंग्लंडचा राजा. अमेरिका त्याच्या ताब्यात. त्याने आधी कागदावर कर लावला, मग चहावर. तिथली माणसं म्हणाली, तुमच्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, तर कर कसला? विलायती माल घेणं बंद. बायका घरीच सूत कातायला लागल्या, चहा सोडून पाल्याचा काढा प्यायल्या. पुढे तर जहाजावरचा चहाच समुद्रात ओतला. म्हणजे माझ्या दुकानावरचा बहिष्कारही तिकडूनच उचललाय.

विचारलं, राजाकडे काही उत्तर नव्हतं? होतं म्हणे. पार्लमेंट सगळ्यांचाच विचार करतं. इंग्लंडात तरी कितीजणांना मत आहे? बायकांना आहे का? तरी त्यांचं भलं होतंच ना?

वा! याला म्हणतात डोकं. मुकुंदराव पुढे काहीतरी सांगत होते, मी उठलो. कामापुरतं मिळालं.

२६ एप्रिल, रविवार

गच्चीवर सभा. किरायदार न बोलावता आले, कठड्याला टेकून उभे. मी सांगितलं — नियम साफ आहे, ज्याच्या नावावर फ्लॅट, त्यालाच मत. मग इंग्रजाचा मुद्दा टाकला. म्हटलं, "माझी बायको पद्मावती कधी सभेला येते का? तिच्या वतीने मीच बोलतो. तिची काही तक्रार आहे का?" मालक मंडळी खूष. केतकीने विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलंय का, काका?" मी सरळ विषय मतदानाला टाकला. तीस तारखेपर्यंत पट्टी, नाहीतर पाणी बंद. एकमताने.

रात्री पद्मावतीने ताट ठेवलं आणि आत गेली. तशी ती कमीच बोलते.

१ मे

सहा घरांचे व्हॉल्व बंद केले. मी स्वतः, पाना घेऊन. खाली उतरताना सगळे दारात उभे राहून बघत होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ मे

लोकं खालच्या सरकारी नळावरून बिंदे-घागरी भरभरून चार मजले चढतायत. तरी पट्टी देईनात. एवढी घमेंड!

६ मे

भर दुपारी दुकानातून घरी आलो, डोकं दुखत होतं. दारातच ऐकू आलं — माझ्या स्वयंपाकघरातला नळ सोडलेला, आणि केतकीचा आवाज. दोन कळश्या भरून झालेल्या, तिसरी नळाखाली. पद्मावती शांतपणे म्हणाली, "उन्हाळ्यात पाण्याला नाही म्हणू नये." मी ओरडलो. खूप ओरडलो. घर माझं आहे, इथं माझी परवानगी लागेल! केतकी कळश्या तिथंच ठेवून गेली. जाताना एकदा माझ्याकडे नाही, पद्मावतीकडे बघितलं.

८ मे

केतकीने रजिस्ट्रार ऑफिसातून मालकांची यादी काढून आणली. नोटीस बोर्डावर लावली. पहिलीच ओळ: फ्लॅट १०१, पद्मावती एकनाथराव बिरादार.

मी नाही. ती!

ऑडिटरने तेव्हा सांगितलं होतं, "भाभी के नाम पे लेलो साब, टॅक्स बचता." सगळ्यांना एकच ऑडिटर, सगळ्यांनी तेच केलं. कमिटीतल्या दहापैकी आठ फ्लॅट बायकांच्या नावावर. मी लिहिलेल्या नियमाने आम्ही आठजण या इमारतीत कुणीच नाही. इतके महिने ठराव करत होतो ते सगळे हवेत.

मुकुंदरावांचा फ्लॅट त्यांच्याच नावावर. बोर्डासमोर म्हणाले, "त्या दिवशी मध्येच उठलात. राजा हरला होता, एकनाथराव."

१० मे, रविवार

बायकांनी सभा बोलावली. गच्चीचं दार लोटून घेतलं. आम्ही आठ नवरे जिन्यात. कुणी पेपर वाचत होतं, कुणी वाचल्यासारखं करत होतं. मी दाराशी. माझे कान तिखट, सगळी कॉलनी जाणते.

एक बाई बोलत होती. ठाम, न अडखळता. "पाणी सोळा घरांचं, खर्च सोळा घरांचा, मतंही सोळा." कोण ते ओळखेना. तेलुगू वळण नाही, पुणेरी नाही, बीदरकडचं बोलणं. मग कळलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हा आवाज मी ऐकला नव्हता.

ठराव एकमताने. व्हॉल्व तिनेच उघडले. पाना माझ्याकडे मागितला नाही, रोहनकडून घेतला.

११ मे

सकाळी पद्मावतीने विचारलं, "दुकान कुणाच्या नावावर आहे?"

म्हटलं, तुझ्या.

"आणि बीदरचं शेत?"

तेही.

माझा चष्मा मागून घेतला, कपाटातले सगळे कागद काढून खिडकीत बसली. संध्याकाळ झाली. अजून वाचतेय.